वलंदेजांच्या देशाचं नाव

8 नोव्हेंबर 2023 रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर क्रिकेट विश्वचषकाचा एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंड होतं. दुसऱ्या बाजूच्या संघाचं नाव फलकावर ‘नेदरलँड्स’ असं झळकत होतं. या संघाचा उल्लेख इंग्रजीत करताना मात्र सरसकट ‘डच’ म्हणतात. आणि 1973 च्या हॉकी विश्वचषकाचा अंतिम सामना ज्यांच्या मनात अजून सलतो, त्या पिढीला विचारा. आपण कुणाकडून हरलो? ‘हॉलंडकडून’ हेच उत्तर येईल.

नेदरलँड्स, डच, हॉलंड. तिन्ही शब्दांचा एकमेकांशी ध्वनीनं काही संबंध दिसत नाही. फ्रान्सचे फ्रेंच होतात, जपानचे जपानी होतात, मग नेदरलँड्सचे ‘डच’ कसे झाले? त्यात मराठी इतिहासाची पुस्तकं उघडली की चौथा शब्द समोर येतो, ‘वलंदेज’. देश तोच, माणसं तीच.

या कोड्याची उकल मला फार आवडते, कारण तिच्यात शब्द कसे वाढतात आणि कसे आकसतात याचा उत्तम नमुना सापडतो. तिन्ही नावं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. जमीन कशी आहे? सत्ता आणि पैसा कुठल्या भागाकडे आहे? माणसं बोलतात काय? पहिल्याचं उत्तर नेदरलँड्स, दुसऱ्याचं हॉलंड, तिसऱ्याचं डच.

खालच्या वाडीचा देश

कोकणातल्या अनेक गावांत वरची वाडी आणि खालची वाडी असते. खालची वाडी म्हणजे खड्ड्यातली वाडी नव्हे. उतारावर पाणी जिकडे वाहतं, त्या बाजूची ती वाडी. नेदरलँड्स हे नाव अगदी याच पद्धतीनं बनलेलं आहे. ‘नेदर’ म्हणजे खालचा, ‘लँड्स’ म्हणजे प्रदेश. मिळून ‘खालचे प्रदेश’. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांनी तर या नावाचा सरळ अनुवादच करून टाकला आहे. दोन्हींतल्या नावाचा अर्थ ‘सखल देश’ असाच होतो. हा ‘नेदर’ आपल्याला वाटतो तितका परका नाही. ‘निम्न’ आणि ‘नीच’ या शब्दांच्या सुरुवातीला जो ‘नि’ आहे, त्याचं आणि या ‘नेदर’चं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात.

खालचे, पण कशाच्या? ऱ्हाइन, म्यूज आणि शेल्ड या तीन मोठ्या नद्या युरोपच्या आतल्या उंच भागातून वाहत येतात आणि इथं उत्तर समुद्राला मिळतात. वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला गाळानं बनलेला सपाट मुलूख. या मुखाकडच्या सगळ्या पट्ट्याला ‘खालचे प्रदेश’ म्हणत. त्यात आजचं बेल्जियमही आलं. सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या ताब्यात असे सतरा प्रांत होते. तो एक देश नव्हता. वेगवेगळ्या सरदारक्यांची आणि जहागिरींची ती मोट होती. म्हणूनच नाव अनेकवचनी झालं.

इंग्रजीत या नावाआधी न चुकता ‘द’ लावतात, त्याचं कारण हे अनेकवचन. फिलिपाइन्स, मालदीव, बहामा या बेटांच्या समूहांनाही इंग्रजी असाच ‘द’ लावते. नाव अनेकवचनी असलं तरी क्रियापद मात्र बहुधा एकवचनी येतं. आपल्याला हे अवघड वाटू नये. ‘पंजाब’ या नावात पाच पाणी आहेत, तरी आपण ‘पंजाब आहेत’ असं म्हणत नाही. खुद्द तिथल्या भाषेत आता रोजच्या वापरात नाव एकवचनी आहे, ‘नेडरलंड’. जुनं अनेकवचन फक्त राज्याच्या पूर्ण, अधिकृत नावात जपलेलं आहे.

इथं एका गैरसमजाची गाठ सोडवायला हवी. ‘अर्ध्याहून जास्त नेदरलँड्स समुद्रसपाटीखाली आहे’ असं वाक्य सर्रास वाचायला मिळतं. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या 2007 च्या अहवालातही 55 टक्के हा आकडा छापला गेला होता. पुढे दुरुस्ती झाली. समुद्रसपाटीखाली आहे तो भूभाग सुमारे 26 टक्के. आणखी 29 टक्के भूभाग समुद्रसपाटीच्या वर असला तरी त्याला नद्यांच्या पुराचा धोका आहे. दोन्हींची बेरीज 55. मला ही दुरुस्ती महत्त्वाची वाटते, कारण देशाच्या नावातला ‘खालचा’ हा शब्द नेमका या बेरजेसारखा आहे. तो समुद्राच्या हिशेबानं खालचा आहे, आणि नदीच्या हिशेबानंही.

समुद्राच्या हिशेबानं किती खाली? देशातलं सर्वांत सखल ठिकाण समुद्रसपाटीखाली 6.76 मीटर आहे, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीइतकं. ॲमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ एका जुन्या सरोवराच्या तळावर आहे. ते सरोवर पंपांनी उपसून 1852 साली कोरडं केलं. फ्लेवोलंड नावाचा अख्खा प्रांत समुद्राला बांध घालून मिळवलेल्या जमिनीवर वसला आणि 1986 मध्ये तो देशाचा बारावा प्रांत झाला.

तेल तिळाचं, हॉलंड लाकडाचं

आता हॉलंड. पुष्कळांना वाटतं, हॉलंड म्हणजे ‘हॉलो लँड’, पोकळ किंवा खोलगट जमीन. देश सखल असल्यामुळे हे पटकन पटतं, आणि पटतं म्हणूनच ते टिकून राहिलं आहे. पण जुन्या नोंदींमध्ये या नावाचं रूप ‘होल्टलंड’ असं सापडतं. ‘होल्ट’ म्हणजे लाकूड, रान. हॉलंड म्हणजे रानाचा मुलूख. आरंभी हे नाव हार्लेम शहराच्या आसपासच्या एका लहान टापूचं होतं.

तिथून ते साऱ्या देशाचं नाव कसं झालं, हे समजायला आपल्या फोडणीतलं तेल बघावं. ‘तेल’ हा शब्द ‘तीळ’पासून आला. तिळातून निघतं ते तैल. पण आज आपण खोबऱ्याचं तेल म्हणतो, शेंगदाण्याचं तेल म्हणतो, इंजिनातल्या खनिज वंगणालाही तेलच म्हणतो. एका पदार्थाचं नाव सगळ्या जातीला मिळालं. भाषेत असं घडतं तेव्हा त्याला अर्थविस्तार म्हणतात. ज्या वस्तूशी रोजचा व्यवहार, तिचं नाव तिच्या भावंडांवर चढतं.

हॉलंडशी जगाचा रोजचा व्यवहार होता. उत्तरेकडच्या प्रांतांनी 1579 मध्ये उट्रेख्त इथं एकजूट केली, 1581 मध्ये स्पेनच्या राजाला राजा मानणं सोडलं, आणि 1648 च्या तहानं त्यांचं स्वातंत्र्य स्पेननंही मान्य केलं. हे प्रजासत्ताक सात प्रांतांचं होतं. कागदावर सातही सारखे होते. तिजोरीत मात्र एकट्या हॉलंडचा वाटा सुमारे 58 टक्के होता. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, लायडन, डेल्फ्ट ही शहरं हॉलंडची. कारभार चाले ते हेग शहरही हॉलंडमधलंच.

समुद्रावर हे आणखी ठळक होतं. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखा होत्या: ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, रॉटरडॅम, डेल्फ्ट, होर्न आणि एन्कहाउझन. यातली एकटी मिडलबर्गची शाखा झीलंड प्रांताची. बाकी पाचही हॉलंडच्या. आशियातल्या बंदरात जहाज लागलं आणि कुणी विचारलं, ‘कुठून आलात?’, तर खलाशांच्या तोंडी बहुतेक वेळा कुठलं नाव येणार? लातूरचा माणूसही परदेशात समोरच्याला पटकन कळावं म्हणून ‘मुंबईकडचा’ असं सांगून मोकळा होतो, तसंच हे.

म्हणून आशियाभर हॉलंडच पसरलं. बंगालीत ‘ओलंदाज’, इंडोनेशियात ‘बेलांदा’, जपानमध्ये ‘ओरांदा’. जपाननं आपली दारं युरोपला जवळजवळ बंद केली होती त्या काळात या एकाच देशाच्या व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या बेटावर मुभा होती. त्यांच्याकडून शिकलेल्या वैद्यकाला, खगोलाला जपानी लोक ‘रांगाकू’ म्हणू लागले. ‘ओरांदा’तला ‘रां’ आणि विद्या या अर्थाचा ‘गाकू’. एका युरोपीय प्रांताच्या नावाचं मधलं अक्षर एका आशियाई विद्याशाखेचं नाव बनलं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

नकाशांवरही हेच झालं. ऑस्ट्रेलियाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ‘न्यू हॉलंड’ म्हणत. शेजारच्या बेटांवर मात्र सात प्रांतांपैकी दुसऱ्या दर्यावर्दी प्रांताचं, झीलंडचं, नाव चढलं आणि ते अजून टिकून आहे. न्यूझीलंड ते हेच.

पुढे तर हॉलंड काही काळ साऱ्या देशाचं अधिकृत नावच होतं. नेपोलियननं आपला भाऊ लुई याला 1806 मध्ये इथल्या गादीवर बसवलं आणि त्या राज्याला ‘हॉलंडचं राज्य’ म्हटलं. ते 1810 पर्यंत चाललं. 1815 मध्ये बेल्जियमसह नवं राज्य उभं राहिलं, तेव्हा ‘नेदरलँड्स’ हे नाव परत आलं. 1830 मध्ये बेल्जियम फुटून निघालं, तरी नाव उरलेल्या भागाकडेच राहिलं. 1840 मध्ये हॉलंड प्रांताचे उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रांत केले गेले. आज देशाच्या बारा प्रांतांपैकी हॉलंड म्हणवणारे हे दोनच. देशातले एक तृतीयांशाहून जास्त लोक त्यांत राहतात, हे खरं. पण उरलेल्या दहा प्रांतांतल्या माणसाला, विशेषतः स्वतःची वेगळी भाषा असलेल्या फ्रीसलंडच्या माणसाला, ‘हॉलंडचा’ म्हटलं तर ते नागपूरकराला ‘कोकणातला का?’ असं विचारण्यासारखं आहे.

तरीही फुटबॉलच्या मैदानात नारिंगी कपडे घालून बसलेले तिथले लोक ‘हॉलंड’ असाच पुकारा करतात. आरोळीला छोटा शब्द सोयीचा पडतो, आणि सवयही जुनी आहे. सरकारनं मात्र 2020 पासून आपल्या जाहिरातींतून आणि बोधचिन्हातून हॉलंड काढून टाकलं आणि जगासमोर ‘नेदरलँड्स’ हे एकच नाव ठेवायचं ठरवलं.

डच म्हणजे प्राकृत

तिसरा शब्द सर्वांत गमतीदार वळणांचा आहे. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये ‘थेउडो’ या मुळाचा अर्थ लोक, जनसमूह. त्यावरून विशेषण झालं ‘लोकांचं’. युरोपात धर्माची, कायद्याची, विद्वानांची भाषा लॅटिन होती. जे लॅटिन नाही, जे बाजारात आणि घरात बोललं जातं, ते ‘लोकांचं’. आपल्याकडे संस्कृतच्या समोर ‘प्राकृत’ उभं होतं आणि आपल्या संतांनी मराठीलाही प्राकृत म्हटलं, तसाच हा शब्द. तो कुठल्या देशाचं नाव नव्हता. पंडितांची नव्हे ती भाषा, एवढंच तो सांगत होता.

या शब्दाचं लॅटिन वळणाचं रूप, ‘थेओडिस्के’, सर्वांत आधी सापडतं ते इसवी सन 786 च्या एका पत्रात. पोपच्या वकिलानं इंग्लंडमधल्या धर्मसभेबद्दल लिहिलं की ठराव लॅटिनमध्ये आणि लोकभाषेत वाचून दाखवले. सभा इंग्लंडमध्ये होती. म्हणजे त्या पत्रातली ‘लोकभाषा’ ही जुनी इंग्रजीच! आज इंग्रज ज्या शब्दानं शेजाऱ्याला ओळखतात, त्याचं हे पूर्वरूप पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या बोलीबद्दल लिहिलं गेलं होतं.

याच मुळापासून जर्मन लोकांचा स्वतःसाठीचा शब्द ‘डॉइच’ झाला आणि इटालियन भाषेतला जर्मनांसाठीचा ‘तेदेस्को’ही. इंग्रजीत ‘डच’ झालं. साधारण 1600 पर्यंत इंग्रजीतला हा डच फार मोठा होता. आजच्या जर्मनीपासून समुद्रापर्यंतचे सगळे डचच. फरक करायचा तर डोंगराकडचे ते ‘हाय डच’ आणि किनाऱ्याकडचे ते ‘लो डच’. पुन्हा वरची वाडी आणि खालची वाडी.

मग तो आकसला. ‘मृग’ शब्द आठवा. संस्कृतात मृग म्हणजे मुळात कुठलाही वनपशू. मृगया म्हणजे शिकार, मृगराज म्हणजे पशूंचा राजा सिंह. पुढे मृग म्हणजे फक्त हरीण उरलं, कारण शिकारीत ते नेहमीचं. याला अर्थसंकोच म्हणतात. इंग्रजांच्या बाबतीत ते ‘नेहमीचं हरीण’ म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरचे व्यापारी आणि खलाशी. त्यांच्याशी व्यापार होता, स्पर्धा होती, आणि 1652 ते 1674 या बावीस वर्षांत तीन समुद्री युद्धं झाली. सारखा संबंध यांच्याशीच, म्हणून मोठा शब्द यांनाच चिकटला. दूरच्या भाऊबंदांसाठी इंग्रजीनं लॅटिनमधून ‘जर्मन’ उचलला.

गंमत अशी की ज्यांना जग डच म्हणतं, त्यांनी स्वतःसाठी तो शब्द सोडून दिला. पूर्वी ते आपल्या भाषेला ‘नेडरडाउट्स’, म्हणजे खालची लोकभाषा, असं म्हणत. हळूहळू हा शब्द मागे पडला आणि ‘नेडरलंड्स’ राहिलं. आता त्यांच्या भाषेत ‘डाउट्स’ म्हणजे जर्मन. उलटा घोळ अमेरिकेत आहे. तिथं ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणवणाऱ्या समाजाचे पूर्वज प्रामुख्यानं जर्मन भाषकांच्या मुलखांतून आलेले. हाय डच गेल्यावरही त्यांच्या नावात जुना, मोठा डच शाबूत राहिला.

युद्धांच्या काळातला इंग्रजांचा राग इंग्रजी भाषेत साठून राहिला आहे. दारू पिऊन आलेल्या अवसानाला ‘डच धैर्य’ म्हणतात. हॉटेलात ज्यानं त्यानं आपापले पैसे द्यायचे, म्हणजे आपली तरुण मंडळी ज्याला ‘टीटीएमएम’, तुझं तू माझं मी, म्हणतात, त्यालाही इंग्रजीत ‘गोइंग डच’ असा शब्द आहे. तो अमेरिकेत रुजला. अशा शब्दप्रयोगांवरून एखाद्या समाजाचा स्वभाव ठरवू नये. ते बोलणाऱ्याच्या मनाबद्दल जास्त सांगतात.

चौकट : मराठीत लिहिताना कुठलं नाव?

नेदरलँड्स – देश, सरकार, राष्ट्रीय संघ. शेवटचा ‘स’ ठेवलेला बरा.

हॉलंड – उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे दोन प्रांत, किंवा इतिहासातला तो जुना प्रांत.

डच – माणसं आणि भाषा. बेल्जियमच्या उत्तर भागातल्या फ्लेमिश लोकांची भाषाही डचच, पण त्या लोकांना डच म्हणू नये.

नेदरलँड्सचं राज्य – याहून मोठं. 10 ऑक्टोबर 2010 पासून त्यात चार देश आहेत: युरोपातलं नेदरलँड्स, आणि कॅरिबियन समुद्रातले अरूबा, क्युरासाव आणि सिंट मार्टेन. अरूबाच्या माणसाकडेही याच राज्याचं नागरिकत्व असतं.

वलंदेज – मराठ्यांच्या काळाबद्दल लिहिताना.

वलंदेज कुठून आले?

चौकटीतला शेवटचा शब्द आपला आहे. तो इंग्रजीतून आलेला नाही. इंग्रजांचा अंमल बसण्याच्या कितीतरी आधी तो मराठीत होता. त्याचा रस्ता गोव्यावरून जातो.

पोर्तुगीज भाषेत हॉलंडच्या माणसाला जो शब्द आहे, त्यात सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नाहीत. कानावर पडतं ते साधारण ‘ओलांदेस’. मराठी तोंडात शब्दारंभीच्या ‘ओ’चा ‘व’ सहज होतो. गावाकडे ओळखीची ‘वळख’ होते, ओढ्याचा ‘वढा’ होतो. तसं ओलांदेसचं वलंदेज झालं. शेवटच्या ‘स’चा ‘ज’ कसा झाला, याला जोडीदार साक्षीदार आहे. पोर्तुगीज ‘इंग्लेस’चा आपण ‘इंग्रज’ केला. इंग्रज आणि वलंदेज ही पोर्तुगीजांनी ओळख करून दिलेली जुळी नावं आहेत. पहिलं रोजच्या बोलण्यात राहिलं, दुसरं पुस्तकात गेलं, कारण पुढे राज्य पहिल्यानं केलं.

ही ओळख करून देणं पोर्तुगीजांना महाग पडलं. यान हॉयगन व्हान लिन्सखोतेन हा हार्लेममध्ये जन्मलेला तरुण 1583 मध्ये गोव्यात आला आणि तिथल्या आर्चबिशपचा चिटणीस झाला. पोर्तुगीजांनी जपलेली सागरी मार्गांची माहिती त्याच्या नजरेखालून गेली. मायदेशी परतल्यावर 1596 मध्ये त्यानं ती ग्रंथरूपानं प्रसिद्ध केली. पुढच्या चाळीस वर्षांत त्याच्या देशबांधवांची लढाऊ जहाजं गोव्याच्या तोंडाशी येऊन वाट अडवू लागली. या नाकेबंदीला किनाऱ्यावर एक ठाणं हवं होतं. गोव्याच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर वेंगुर्ला होतं. तिथं 1637 मध्ये त्यांनी वखार घातली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिच्या जाड भिंती आजही पाहता येतात.

कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्र’ सिद्ध केलं. त्यात समुद्रापलीकडून आलेल्या टोपीकरांपासून सावध राहायला सांगताना ते एकेकाचं नाव घेतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, पण तो शब्द मुळात फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळीचा, फारसीतून आलेला. आणि वलंदेज म्हणजे, अक्षरशः अर्थ लावायचा तर, रानाच्या मुलखातला माणूस. पंतांना ते रान ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

हार्लेमच्या दक्षिण अंगाला एक जुनी राई अजून राखलेली आहे. शहरातले लोक तिथं फिरायला जातात. तिचं नाव हार्लेमरहाउट. त्यातला ‘हाउट’ म्हणजे तोच जुना ‘होल्ट’, लाकूड.